तीन शह म्हणजे ड्रॉ नव्हे, पण हे पोरांना सांगायचं कुणी?

प्रति,
शाळकरी मुलांच्या ऑनलाईन बुद्धिबळ स्पर्धा भरवणारे आयोजक आणि पंच यांस,

स. न. वि. वि.

पारोळ्याला बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या खोलीत दोन बाकडी, चार पट, वायफाय आणि एक जुना इन्व्हर्टर. संध्याकाळी सहानंतर आठ-दहा पोरं तिथे बुद्धिबळ खेळतात. मी काही प्रशिक्षक नाही. तरुणपणी तालुक्याच्या स्पर्धा खेळलो, एकदा जिल्ह्याला चौथा आलो, एवढीच पुंजी. पण पोरांचे फॉर्म मीच भरतो, लिंक मीच उघडून देतो, आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त राऊटर चालेल, पंखा नाही, हा कायदाही माझाच. मे महिन्यात खान्देशात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

हे पत्र अर्ध्या गुणाबद्दल आहे, डाव बरोबरीत, म्हणजे ड्रॉ, सुटला की मिळतो त्या. अर्ध्या गुणासाठी एवढं लांबलचक पत्र का, असं वाटलं तर बुद्धिबळ न खेळणाऱ्याला वाटू द्या. तुम्हाला वाटू नये.

गेल्या मे महिन्यात तुमच्यापैकीच एकांच्या स्पर्धेत माझी भाची खेळली. सातवीत आहे. सात फेऱ्यांची स्पर्धा, दहा मिनिटांचा डाव, चालीमागे वाढीव सेकंद नाहीत. सहावी फेरी. खेळताना खोलीत मोठं माणूस नको हा तुमचा नियम, तो मी पाळतो, म्हणून मी पुढे काउंटरवर कुणाच्या तरी आधार कार्डाला लॅमिनेशन करत होतो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. चालींची यादी आणि प्रत्येक चालीपुढची घड्याळाची नोंद डाव संपल्यावरही तिथेच असते, तिच्यावरून काढलेलं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिची पांढरी मोहरी. एक हत्ती कमी. काळ्याचा वजीर सी३ वर, हत्ती बी२ वर, म्हणजे तिच्या राजाचं काही खरं नव्हतं. पण काळ्या राजासमोरची एफ आणि एच ही दोन्ही प्यादी गेलेली, फक्त जी७ चं जागेवर. पोरीने ते हेरलं. वजीर ई४ वरून ई८ ला आणून शह. राजाला एच७ शिवाय जागा नाही. वजीर एच५, शह. राजाला जी८ शिवाय जागा नाही. मध्ये घालायला काळ्याकडे एकही मोहरं पोचत नाही. पुन्हा ई८, पुन्हा एच५. बारा वर्षांच्या पोरीने हरलेल्या डावात कायमचा शह, म्हणजे न थांबता शह देत राहून बरोबरी साधायची वाट, शोधली होती. मला विचाराल तर त्या स्पर्धेतली तिची सगळ्यात चांगली कामगिरी हीच.

पाचवा शह दिला तेव्हा तिच्या घड्याळात एकोणीस सेकंद होते. सहावा शह दिला तेव्हा अकरा. एवढ्या घाईत एका ठरलेल्या चालीला आठ सेकंद का लागले? ती पडद्याकडे बघत होती, डाव संपल्याची पाटी कधी येते म्हणून. सहाव्या शहानंतर समोरच्याचा राजा जी८ ला गेला आणि त्यानंतरचे अकराच्या अकरा सेकंद तिने एकही चाल केली नाही. घड्याळ शून्यावर गेलं. समोरच्याकडे मात करण्याजोगी मोहरी, वजीर आणि हत्ती, शिल्लक असल्यामुळे वेळ संपला म्हणून हार.

दाराचा पडदा बाजूला सारून बाहेर आली ती रडत नव्हती. गोंधळली होती. म्हणाली, “मामा, डाव का बरं नही सरना? तीन येळा शह दिधा ना मी.”

या एका वाक्यात दोन चुका आहेत, आणि त्या दोन्ही आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक पोराच्या डोक्यात आहेत.

पहिली चूक: तीन शह म्हणजे ड्रॉ. असा नियम कुठेही नाही. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत कायमचा शह नावाचं कलमच उरलेलं नाही. आहे ते कलम ९.२, आणि ते शह मोजत नाही, स्थिती मोजतं. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली पाहिजे, आणि तीच म्हणजे अगदी तीच. चाल त्याच बाजूची, त्याच घरांत तीच मोहरी, आणि दोन्ही बाजूंना करता येण्याजोग्या चालीही त्याच. भाचीच्या डावात मोजून बघा. वजीर ई८ वर आणि राजा जी८ वर, चाल काळ्याची, ही स्थिती पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या शहाला आली. म्हणजे तिसरी वेळ पाचव्या शहाला. पण तेव्हा चाल काळ्याची, आणि बरोबरीचा दावा करायचा हक्क ज्याची चाल त्याला. जिंकत असलेला काळा कशाला दावा करेल? राजा एच७ ला गेल्यावर जी स्थिती झाली, तिचीही ती तिसरी वेळ, आणि आता चाल हिची. इथे दावा लागू. सहाव्या शहानंतर राजा जी८ ला गेला, तेव्हा आणखी एक स्थिती तिसऱ्यांदा आली आणि दावा पुन्हा लागू. म्हणजे दाव्याचं बटण लागोपाठ दोनदा तिच्यासमोर आलं होतं. ती मात्र निकालाची पाटी शोधत होती.

बुद्धिबळाच्या हॉलमध्ये हे आणखी एक पाऊल आधी करता येतं. पाचव्या शहाची चाल पटावर न करता स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, लिहायची, पंचांना हाक मारायची आणि सांगायचं, ही चाल केली की तीच स्थिती तिसऱ्यांदा येते. लिहिलेली चाल मग बदलता येत नाही, आणि दाव्याआधी मोहऱ्याला हात लावला तर त्या चालीपुरता हक्क गेला. हा सगळा विधी मी पोरांना शिकवतो. कागद, पेन, पंच, घड्याळ थांबवणं. पडद्यावर यातलं काहीच नाही, आणि तिथे काय करायचं हे शिकवायचं मलाही सुचलं नव्हतं.

मोठ्यांचीही या नियमाने फसगत होते, म्हणून पोरांना हसू नका. १९७१ साली ब्युनोस आयर्सला फिशर आणि पेट्रोस्यान यांच्या सामन्यातला तिसरा डाव याच दाव्यावर बरोबरीत सुटला. मधल्या चाली सारख्या नव्हत्या, एकदा वजीर मागे-पुढे झाला, एकदा हत्ती, पण मोहरी फिरून त्याच जागी आली होती. चाली सारख्या लागत नाहीत, स्थिती लागते, हे शिकवायला मी अजून तोच डाव मांडतो. उलटं उदाहरण १९८६ चं, टिलबर्गचं. कार्पॉव्हने माइल्सविरुद्ध तिहेरी पुनरावृत्तीचा दावा केला आणि तो चुकीचा निघाला, कारण पहिल्या वेळी काळ्याला कॅसलिंगचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क शिल्लक होता, नंतर नव्हता. मोहरी तिन्ही वेळा तिथेच, तरी स्थिती वेगळी. विश्वविजेता राहिलेला माणूस जिथे चुकतो तिथे पारोळ्याची सातवीतली पोर अकरा सेकंदांत काय काय मोजणार?

आता दुसरी चूक: डाव आपोआप संपेल. ही चूक खरं तर तिची नाहीच. ती रोज ज्या ॲपवर सराव करते तिथे तो आपोआपच संपतो. चेस डॉट कॉमवर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की डाव तिथल्या तिथे बरोबरीत, कुणी काही दाबायला नको. तुमची स्पर्धा होती लिचेस या संकेतस्थळावर, आणि तिथे तसं नाही. तिथे तिसऱ्या वेळी दाव्याचा हक्क मिळतो, आणि पाचव्यांदा तीच स्थिती आली तर मात्र डाव आपोआप बरोबरीत जातो. पाच वेळांचा हा नियम फिडेच्या पुस्तकातही १ जुलै २०१४ पासून आहे. भाचीच्या डावात पाचवी वेळ नवव्या शहाला आली असती. सहा दिले होते, तीन राहिले होते. अकरा सेकंदांत तीन शह पोरं डोळे मिटून देतात. पण ते द्यायचे आहेत हे माहीत असायला हवं.

तिथल्या सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट आहे. तिहेरी पुनरावृत्तीचा दावा आपोआप व्हावा का, याचे तीन पर्याय: कधीच नाही, तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ उरला असताना, किंवा नेहमी. भाचीचं खातं मीच उघडून दिलं होतं, आणि माझ्या स्वतःच्या सवयीने तिथे ‘कधीच नाही’ निवडलं होतं. पूर्वी एकदा जिंकलेल्या डावात मी घड्याळाच्या घाईत वजीर मागे-पुढे करत बसलो आणि बरोबरी आपोआप गळ्यात पडली, तेव्हापासूनची ती सवय. मधला पर्याय ठेवला असता तर एकोणीस सेकंद उरलेले असताना दावा आपसूक झाला असता आणि अर्धा गुण तिचा होता. तो गुण आधी मी घालवला, मग बाकीच्यांनी. हे तिला सांगायला मला दोन दिवस लागले.

यात संकेतस्थळाचा दोष नाही. त्यांनी नियम लिहून ठेवलाय, बटण दिलंय, सेटिंग दिलंय. माझं भांडण तुमच्याशी आहे.

मी त्याच रात्री स्पर्धेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सविस्तर लिहिलं. चालींची यादी जोडली. निकाल बदला असं म्हटलंही नव्हतं. एवढंच विचारलं होतं की पुनरावृत्तीचा दावा कसा करायचा, हे मुलांना कुठे सांगितलं होतं? उत्तर आलं: निकाल सिस्टीमने दिलेला आहे, तो अंतिम राहील. नियम सर्वांना सारखे आहेत. खाली हात जोडल्याची खूण. पाच मिनिटांत ग्रुप फक्त ॲडमिनसाठी झाला.

पहिलं वाक्य मान्य. तिने दावा केला नाही, वेळ संपला, कोणताही पंच हार देईल, मीही दिली असती. दुसरं वाक्य मात्र साफ खोटं आहे. नियम सर्वांना सारखे नव्हते. तुमच्याच स्पर्धेत ज्या मुलाच्या खात्यात ‘नेहमी’ होतं, त्याला त्याच स्थितीत अर्धा गुण न मागता मिळाला असता. शेजारच्या बाकड्यावरच्या पोराचं सेटिंग जसं होतं तसंच राहिलं होतं, त्यालाही मिळाला असता. एकाच फेरीत, एकाच नियमाखाली, एकाच्या बाजूला पंच बसलेला आणि दुसऱ्याच्या बाजूला खुर्ची रिकामी. जळगावला किंवा धुळ्याला हॉलमध्ये एका टेबलावर असा प्रकार झाला तर पालक टेबल डोक्यावर घेतील.

मग सगळीकडे आपोआपच करून टाका, असं म्हणणारे पालक आमच्याकडे आहेत. भाचीचंही तेच म्हणणं. माझं नाही, आणि यावरून आमच्या घरात शेवभाजी पोळून घशात अडकेपर्यंत वाद झालाय. दावा हा हक्क आहे. हक्क म्हटला की तो न वापरायचीही मोकळीक आली. तिसऱ्यांदा तीच स्थिती आली तरी मला बरोबरी नको असेल, घड्याळावर दोन चाली काढून नवा बेत शोधायचा असेल, तर पटावरचा नियम मला पाचव्या वेळेपर्यंत ती मोकळीक देतो. आपोआप बरोबरी ती काढून घेते. दुसरं म्हणजे, पोराने स्वतः स्थिती ओळखायला शिकावं. सगळं यंत्राने मोजलं तर उद्या राष्ट्रीय स्पर्धेला गेलेलं आमचं पोर हॉलमध्ये निकालाची पाटी शोधत बसेल.

भाचीचा मुद्दाही टाकाऊ नाही, तो इथे मांडायला हवा. ती म्हणते, हॉलमध्ये दावा मागावा लागतो कारण कुणीतरी तो तपासायला लागतो. स्कोअरशीट बघायची, डाव परत मांडायचा. दावा चुकला तर पंच समोरच्याच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवतो, म्हणून दावा करणारा विचार करून हात वर करतो. पडद्यावर चुकीचा दावा होऊच शकत नाही, स्थिती तीनदा आली असेल तरच बटण दिसतं. मोजलं यंत्राने, तपासलं यंत्राने, मग मी मागायचं कशासाठी? याला माझ्याकडे पटण्यासारखं उत्तर नाही. आवड आहे, उत्तर नाही.

तुम्ही यातलं काहीही निवडा. मला दोन्ही चालतं. फक्त निवडा, आणि सगळ्या खात्यांना तेच लावा, आणि आधी सांगा. तुमच्या माहितीपत्रकात बक्षिसांची यादी अर्धं पान असते, पाहुण्यांची नावं तेवढीच. त्यात मराठीत दोन ओळी घाला: या स्पर्धेत तीच स्थिती तिसऱ्यांदा आल्यास दावा करावा लागेल, किंवा करावा लागणार नाही, अमुक सेटिंग अमुक ठेवा. आदल्या दिवशी तुम्ही कॅमेरा आणि माईक तपासायला अर्धा तास घेता, त्याच अर्ध्या तासात प्रत्येक मुलाला घोडे पुढे-मागे करून एकदा ते बटण दाबायला लावा. घोडा एफ३, घोडा परत जी१, समोरच्यानेही तसंच. मी आता आमच्या पोरांकडून हे करून घेतो. एका पोराला अर्धा मिनिटही लागत नाही. पहिल्यांदा दाबताना सगळ्यांचं बोट अडखळतं, हे मात्र बघण्यासारखं आहे. आपण काहीतरी चुकीचं मागतोय असं त्यांना वाटतं.

आणि दोन-तीन वाढीव सेकंद ठेवा हो. दहा मिनिटं सपाट ठेवली की शेवटी बुद्धिबळ राहत नाही, नेटवर्कची शर्यत होते. शहरातल्या फायबरवरचं पोर आणि एरंडोल-पारोळ्याकडच्या खेड्यात गच्चीवर मोबाईल धरून बसलेलं पोर ती शर्यत कधीच बरोबरीने धावणार नाही. तुमची स्पर्धा थोडी लांबेल, लांबू द्या.

तक्रारीचंही तसंच. ‘सिस्टीमने दिला’ हे पंचाचं उत्तर नव्हे. ३० ऑगस्ट २०२० ला ऑनलाईन बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत रशियाविरुद्ध निहाल सरीन आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं आणि वेळ संपून डाव गेले. सिस्टीमने तिथेही निकाल दिलाच होता. भारताने दाद मागितली, फिडेच्या अध्यक्षांनी ती ऐकली आणि दोन्ही संघांना विजेते ठरवलं. भाचीचा डाव त्या पंक्तीत बसत नाही, तिचं कनेक्शन शाबूत होतं. मी तेवढ्यावर निकाल मागतही नाही. पण ऐकून घ्यायला ग्रुप फक्त ॲडमिनसाठी करावा लागत नाही, आणि तपासायलाही काही लागत नाही. हॉलमधल्या पंचाला पोराच्या गिचमिड अक्षरातली स्कोअरशीट वाचावी लागते. तुमच्यापुढे प्रत्येक चाल, प्रत्येक सेकंद छापल्यासारखा पडलेला असतो. मी लॅमिनेशनचं मशीन थंड होईपर्यंत तो सगळा डाव तपासला होता.

त्या स्पर्धेत तिला चार गुण मिळाले. साडेचारवाली पोरं प्रमाणपत्रावर ‘विशेष प्राविण्य’ घेऊन गेली. तिचं प्रमाणपत्र मीच दुकानात छापून दिलं, साधं, सहभागाचं. तिने ते अजून लॅमिनेट करू दिलेलं नाही.

तुमच्या पुढच्या स्पर्धेचं माहितीपत्रक काल आलं. दोन पानं आहेत, मी नीट वाचली. पुनरावृत्तीबद्दल त्यात एक ओळ नाही. वेळ पुन्हा दहा मिनिटं सपाट. फी भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे आणि माझ्याकडे सहा पोरांचे पैसे जमलेत. गुरुवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर ती ओळ टाका. दावा करायचा की नाही, एवढीच. म्हणजे पोरांचं सेटिंग काय ठेवायचं ते मला कळेल, आणि फी भरायची का तेही.

आपला,
पारोळ्याचा एक झेरॉक्सवाला

ता. क. – भाचीने हे पत्र पाठवण्याआधी वाचलं. तिचं म्हणणं, तीन येळा शह दिधा हे वाक्य काढून टाका, ती आता तसं म्हणत नाही. मी ठेवलंय, कारण तुमच्या ग्रुपवरची बाकीची पोरं अजून तसंच म्हणतात.